लिनक्सवर ड्वोराक की कोलमॅक, आणि बसवायचा कुठे?

कीबोर्डवर कोणतं अक्षर कुठे, त्या मांडणीला लेआउट म्हणतात. नेहमीचा लेआउट क्वर्टी; ड्वोराक आणि कोलमॅक हे त्याचे दोन पर्याय. क्वर्टी सोडायचं ठरलं की आधी वेगाचे आकडे शोधले जातात. त्यात फार वेळ घालवू नये. दोन्ही लेआउटमध्ये बोटं मधल्या ओळीवर जास्त राहतात, आणि दोन्ही शिकताना पहिले काही आठवडे दोन ओळींचा मेल लिहितानाही जीव नकोसा होतो. लिनक्सवर फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी: तुम्ही दिवसभर नेमकं काय टाइप करता, आणि लेआउट कुठे कुठे तुमची साथ सोडतो.

ड्वोराक जुना. ऑगस्ट ड्वोराक आणि विल्यम डीली यांना त्याचं पेटंट १९३६ साली मिळालं. स्वर डाव्या हाताला, जास्त लागणारी व्यंजनं उजव्या हाताला, आणि अक्षरांपैकी जागेवर राहतात फक्त ए आणि एम. शाय कोलमन यांचा कोलमॅक २००६ चा. तो सतराच की हलवतो. झेड, एक्स, सी, व्ही जागच्या जागी राहतात, आणि विरामचिन्हांपैकी फक्त सेमीकोलन हलतो.

आता टर्मिनल (लेखी कमांड देण्याची खिडकी) उघडा आणि फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ कमांड टाइप करा. ड्वोराकमध्ये एल येतो क्वर्टीच्या पीच्या जागी आणि एस सेमीकोलनच्या जागी, म्हणजे दोन्ही उजव्या करंगळीवर. दिवसातून शंभरदा तीच करंगळी वर-खाली. कोलमॅकमध्ये हेच काम उजवी तर्जनी आणि डावं मधलं बोट वाटून घेतात. फोल्डर बदलणाऱ्या ‘सीडी’च्या बाबतीत मात्र ड्वोराक बाजी मारतो: उजवं मधलं बोट, मग तर्जनी, झालं. पण त्यापुढे पाथ (फोल्डरचा पत्ता) लिहायला स्लॅश हवा, तो गेलाय चौकटी कंसाच्या जागी. आणि कंस गेलेत वर, आकड्यांच्या ओळीत. कोड लिहिणाऱ्याला हे चांगलंच टोचतं. प्रोग्रॅमर ड्वोराक नावाचा वेगळा प्रकार आहे, पण तो आकड्यांचीही उलथापालथ करतो. मला ते औषध रोगापेक्षा जालीम वाटलं.

विम हा एडिटर वापरणाऱ्यांसाठी उलट चित्र. त्यात जे दाबला की कर्सर खाली जातो, के दाबला की वर. ड्वोराकमध्ये जे आणि के क्वर्टीच्या सी-व्हीच्या जागी शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे वर-खाली जाणं डाव्या हाताने मजेत होतं. कोलमॅकमध्ये खाली नेणारा जे वरच्या ओळीत आणि वर नेणारा के खालच्या ओळीत! हसू येतं, पण सवय होते.

माझा कौल मात्र कॉपी-पेस्टने ठरला. उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताने कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करायची सवय असेल, तर ड्वोराकमध्ये सी जातो आयच्या जागी आणि व्ही पूर्णविरामाच्या जागी. हात उचलावाच लागतो. कोलमॅकमध्ये काहीच बदलत नाही.

लेआउट मिळण्याचा प्रश्न लिनक्सवर जवळपास सुटलेला आहे. एक्सकेबी म्हणजे डेस्कटॉपवर लेआउट ठरवणारी यंत्रणा. तिच्या डेटामध्ये इंग्लिश (यूएस) खाली ड्वोराक, कोलमॅक, कोलमॅक-डीएच, वर्कमन सगळे आहेत. नोम किंवा केडीई या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडा, संपलं. फक्त पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्सऐवजी नव्या वेलँडवर असाल तर ‘सेटएक्सकेबीमॅप’ या लेआउट बदलणाऱ्या कमांडच्या जुन्या सूचना आंधळेपणाने वापरू नका. तिथे लेआउट कंपोझिटर (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम) सांभाळतो, आणि त्या कमांडचा परिणाम झालाच तर एक्सवेलँडमधल्या, म्हणजे एक्ससाठी लिहिलेल्या, प्रोग्रॅमपुरता होतो.

अडचण येते ती डेस्कटॉप सुरू होण्याआधी. डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करताना मी पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, नव्या लेआउटमध्ये दिली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि बूटच्या वेळी ती काही केल्या चालेना. पासफ्रेज बरोबर होती, पण त्या टप्प्यावर कीबोर्ड अजून क्वर्टीच होता. शेवटी नव्या लेआउटमध्ये जिथे बोटं जातात तिथेच ती नेऊन क्वर्टीत कोणती अक्षरं उमटत असतील हे कागदावर मांडलं, तेव्हा घोटाळा कळला. आणि पासफ्रेजमधलं प्रत्येक अक्षर क्वर्टीच्या कीवर शोधून दाबलं, तेव्हा कुलूप उघडलं. कन्सोलचा, म्हणजे डेस्कटॉपशिवायच्या पडद्याचा, कीमॅप एक्सकेबीपासून वेगळा असतो. तो बदलल्यावर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) पुन्हा तयार करावं लागतं. आणि कुलूप लिनक्स सुरू करून देणारा ग्रबच उघडत असेल तर तो मुळात यूएस क्वर्टीच धरून चालतो.

दुसरा मार्ग कीडी किंवा कनाटा या की बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा. हे एक्सकेबीच्या खाली, कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) येणाऱ्या की पकडून बदलतात, त्यामुळे कन्सोल, एक्स, वेलँड सगळीकडे सारखेच चालतात. ड्वोराकवाल्यांना इथे एक मोठा फायदा आहे: कंट्रोल दाबलेला असेपर्यंत क्वर्टीचा थर लावता येतो, आणि वरचं कॉपी-पेस्टचं रडगाणं संपतं. पण ही सेवा सुरू होईपर्यंत, म्हणजे बूटच्या पासफ्रेजला, तुम्ही पुन्हा क्वर्टीवरच.

क्यूएमकेसारखं फर्मवेअर (कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर) असलेला बाहेरचा कीबोर्ड असेल तर लेआउट कीबोर्डमध्येच राहतो. बायोसपासून सगळीकडे चालतो, दुसऱ्याच्या मशीनला लावला तरी. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डला मात्र त्याचा उपयोग नाही. आणि फर्मवेअरमध्ये एकदा, सिस्टिममध्ये पुन्हा एकदा असा दोनदा लेआउट लावलात तर पडद्यावर जे उमटेल ते कोणत्याच भाषेत वाचता येणार नाही.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एवढंच: एक्सकेबीतला इनस्क्रिप्ट कीच्या जागेवर चालतो, त्यामुळे ड्वोराक किंवा कोलमॅकही एक्सकेबीतच लावला असेल तर त्याला फरक पडत नाही. कीडी किंवा फर्मवेअरने की बदलल्या असतील तर मात्र पडतो. रोमन अक्षरांतून लिप्यंतर करत असाल तर आयबस या टायपिंगच्या साधनाच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिमचा कीबोर्ड लेआउट वापरा’ हा पर्याय एकदा तपासा.

टर्मिनल आणि ब्राउझरमध्ये दिवस जात असेल, लॅपटॉप हेच मुख्य मशीन असेल, तर मी कोलमॅक आणि एक्सकेबी सुचवेन. आधीच ड्वोराक येत असेल तर केवळ कंट्रोल-सीसाठी तो सोडू नका, कीडी लावा. दोन्हींपैकी एकही येत नसेल तर ड्वोराकसाठी मला पटेल असं कारण एकच, विम.

पासफ्रेजसाठी कोलमॅकमध्ये एक पळवाट आहे. क्यू, डब्ल्यू, ए, एच, झेड, एक्स, सी, व्ही, बी, एम ही दहा अक्षरं आणि सगळे आकडे हलतच नाहीत. फक्त त्यांचीच पासफ्रेज केली, नेहमीपेक्षा बरीच लांब, तर ती कुठल्याही टप्प्यावर सारखीच उमटते. माझी आता तशीच आहे. ड्वोराकमध्ये हेच करायला आकड्यांशिवाय हाती उरतात ए आणि एम.