आधी मोजतो, मग सामान काढतो: दारव्ह्याचा नेटवर्कवाला

दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्ती आणि सीसीटीव्हीची पाटी लावलेलं एक छोटं दुकान आहे. पाटीवर नेटवर्कचा उल्लेखही नाही. पण ‘नेट आहे, पण काम होत नाही’ अशी तक्रार असेल तर तिथल्याच पोराला बोलवा. मी तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. तीन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर, आणि पीक विम्याच्या दिवसांत पार रस्त्यापर्यंत रांग.

आमचं दुखणं विचित्र होतं. पिंग मारला, म्हणजे लाइन चालू आहे का ते पाहायला एक छोटं पाकीट पाठवलं, की उत्तर लगेच. पोर्टल उघडायचं, सातबारा दिसायचा. पण आधार, पासबुक, पेरापत्रक स्कॅन करून चढवायला घेतलं की चक्र फिरतच बसायचं. ३१ जुलैची मुदत तोंडावर आणि समोर बसलेले आजोबा विचारून राहिले, "ताई, झालं का? माही बस जाईन नं." याआधी एक जण येऊन गेला होता. त्याने कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये काहीतरी खुडबुड केली, राऊटर बदलायला लावला आणि शेवटी ‘मोठा प्लॅन घ्या’ म्हणून मोकळा झाला. प्लॅन १०० एमबीपीएसचा २०० झाला, चक्र काही थांबलं नाही.

हा पोरगा आला तो दोन जुने लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं घेऊन. विकायचं सामान गाडीच्या डिक्कीतच ठेवलं. मागच्या खोलीत फायबर जिथे घरात येते, त्या डब्याला आपली वायर लावून त्याने लॅपटॉप जोडला. पूर्ण २०० आले. "कंपनीची लाइन सुटली यातून, ताई. आता घरातलंच पाहू."

मग त्याने इंटरनेट बाजूलाच काढलं. एक लॅपटॉप मागे, दुसरा पुढे केंद्रात, मधे आमचीच वायर, आणि दोन्हीवर आयपर्फ३ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम. तो एकीकडून डेटा ढकलतो आणि दुसरीकडे किती वेगाने पोचला ते दाखवतो. सरकारी सर्व्हर, गर्दी, पाऊस, कशाचाही बहाणा उरत नाही. आकडा आला ९४ एमबीपीएस. मला तो चांगलाच वाटला. त्याला नाही. दोन्ही लॅपटॉप हजारच्या वेगाचे, मग शंभरावर कोण अडवून धरतंय?

टेस्टर लावला तर आठ तारांपैकी दोन मुक्या. शंभरच्या वेगाला १, २, ३ आणि ६ नंबरच्या चारच तारा लागतात, हजाराला आठही. म्हणून बाकीच्या चारांतली एखादी जोडी मेली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरावर उतरतं. टिनाखाली वायरीला एक जुना जोड सापडला, वर काळी चिकटपट्टी. तिथली तार त्याने ब्लेडने खरवडून दाखवली. वरून तांबडी, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! वाकवलं की लवकर तुटतं, विजेला रोधही तांब्यापेक्षा जास्त. म्हणजे वाढवलेल्या प्लॅनचे पैसे आम्ही फक्त मागच्या खोलीसाठी भरत होतो.

पण ९४ वर फॉर्म अडायचं कारण नाही, हेही त्यानंच सांगितलं. दुसरा कुणी असता तर वायर बदलून, पैसे घेऊन गेला असता. याने आमच्या स्विचच्या, म्हणजे सगळे कॉम्प्युटर वायरीने जोडायच्या डब्याच्या जागी स्वतःचा, प्रत्येक पोर्टचे (वायर खोचायच्या खाचेचे) आकडे दाखवणारा स्विच लावला आणि एकेक कॉम्प्युटर तपासायला घेतला. टायपिंगचा ठीक, प्रिंटचा ठीक. मी ज्यावरून विमा भरते त्याच्या पोर्टसमोर ‘हाफ’ लिहिलेलं, आणि फाइल चढवायला लागले की लेट कोलिजनचा, म्हणजे पाकिटांच्या उशिरा होणाऱ्या टकरींचा आकडा भराभर वर. आधीच्या माणसाने नेटवर्क कार्डच्या सेटिंगमधलं ‘ऑटो’ काढून ‘१०० फुल’ करून ठेवलं होतं. अशा वेळी समोरच्या ऑटोवरल्या स्विचला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स, म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायचं (फुल) की आळीपाळीने (हाफ), ते ओळखता येत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. मग ग्रामसभेसारखं होतं. एक जण दुसऱ्याचं चालू असतानाच बोलतो, आणि दुसरा ‘कोणीतरी बोलून राहिलं’ म्हणून आपलं वाक्य अर्धवट सोडतो. पिंगचं पाकीट एवढंसं, ते निसटून जातं. स्कॅनची फाइल मात्र पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. सेटिंग परत ‘ऑटो’वर नेली आणि चारपाचावर रेंगाळणारा तो कॉम्प्युटर तिथल्या तिथे नव्वदीच्या वर गेला. या दुरुस्तीला एक रुपयाचं सामान लागलं नाही.

हजारचा स्विच घेऊ का, हे मीच विचारलं. "फॉर्मले शंभर पुरते, ताई. तुमचे स्कॅन एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातात, तिथं फरक पडन." घेतला. स्विच १,२०० रुपये, अख्ख्या तांब्याची कॅट ६ वायर मीटरला ४० आणि येण्याचे ४००. वायर बदलल्यावर मागून पुढे ९४० आले. इंटरनेट अर्थातच २०० च, पण आता ते माझ्या टेबलापर्यंत येतं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची पट्टी लावून दिली, ते मला सगळ्यात आवडलं.

आता तक्रारी. फोन दहादा करावा तेव्हा एकदा उचलतो, बाजाराच्या दिवशी तर तेही नाही. भिंतीला पाडलेलं भोक तसंच सोडून गेला, ते मी सिमेंट कालवून बुजवलं. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं, गॅरंटी तोंडी. हिशेब ठेवावा लागणाऱ्यांनी छापील बिल आधीच ठरवून घ्यावं.

डब्यावरचा लाल दिवा पेटला असेल, म्हणजे फायबरच तुटली असेल, तर याला बोलावून उपयोग नाही. जोडायचं मशीन त्याच्याकडे नाही, कंपनीलाच फोन करा. आणि टिनावर चढायचं काम असेल तर सकाळची वेळ मागा, दुपारी १२ नंतर तो वर चढत नाही.