हंबल चॉइस: जुन्या गिऱ्हाइकाचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हंबल चॉइस म्हणजे हंबल बंडल या कंपनीचं मासिक सबस्क्रिप्शन: पैसे भरायचे आणि त्या महिन्याचा कंप्युटर गेमचा संच घ्यायचा. आधी सरळ सांगतो, नुसते गेम हवे असतील तर पैसे वसूल होतात. महिन्याला एखादं मोठं नाव, दोन-तीन मधल्या फळीतले आणि बाकी 'बघू कधीतरी' म्हणून पडून राहणारे. मिळालेला कोड ('की') टाकला की गेम स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातल्या आपल्या लायब्ररीत येतो, माझा आजवर एकही कोड अडला नाही. नको तो महिना वगळता येतो. सबस्क्रिप्शन बंद केलं तरी आधी घेतलेले गेम आपल्याकडेच राहतात. राजारामपुरीत गेमिंग पार्लर चालवणारा माझा मित्र म्हणतो, "भावा, एवढ्याशा पैशांत एवढं मिळतंय, आणि काय पायजे तुला?"

काय पाहिजे, तेच सांगायला बसलोय.

मे २०१० मध्ये याच लोकांचं पहिलं हंबल इंडी बंडल, म्हणजे छोट्या निर्मात्यांच्या गेमचा एकत्र संच, आलं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. वर्ल्ड ऑफ गू, अक्वेरिया, गिश, लुगारू, पेनम्ब्रा ओव्हर्चर, आणि मागाहून सामोरोस्ट २. किंमत? तुम्ही ठरवाल ती. गेम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणार, त्यात डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) नाही. म्हणजे इन्स्टॉलर एकदा उतरवला की तो तुमचा, कुणाच्या सर्व्हरला विचारायला जायचं नाही. आणि दिलेल्या पैशांतले किती गेम बनवणाऱ्यांना, किती चाइल्ड्स प्ले (आजारी मुलांसाठीची) आणि ईएफएफ (डिजिटल हक्कांसाठीची) या संस्थांना, किती बंडलवाल्यांना, हे स्लायडर सरकवून आपणच ठरवायचं. आमच्यापैकी कुणाकडेही परदेशात चालणारं कार्ड नव्हतं. मित्राच्या पुण्यातल्या भावाने पैसे भरले आणि आम्ही वर्गणी काढून त्याला दिले. फुकटात पायरेटेड सीडी मिळायच्या त्या काळात पोरांनी खिशातून पैसे काढले, यावरून काय ते समजा.

त्या बंडलमध्ये बारा लाख डॉलरच्या वर जमले. दहा लाखांचा टप्पा गाठल्यावर त्यातल्या चार गेमचा सोर्स कोडही खुला झाला. सरासरीने सगळ्यात जास्त पैसे दिले ते लिनक्सवाल्यांनी, आणि हे आकडे साइटवर सगळ्यांना दिसत होते. लिनक्सवर गेम विकून पैसे मिळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना तेवढं उत्तर पुरेसं होतं.

ही तत्त्वं एका रात्रीत गेली नाहीत. पहिली मुरड तर गिऱ्हाइकांमुळेच पडली. एक-एक सेंट भरून लोक हजारो स्टीम अकाउंट काढायला लागले, तेव्हा २०११च्या डिसेंबरात स्टीमचा कोड हवा तर किमान एक डॉलर, अशी अट आली. ती मला पटते. टीएचक्यू या मोठ्या गेम कंपनीचं नोव्हेंबर २०१२चं बंडल मात्र पटलं नाही. फक्त विंडोज, फक्त स्टीम. पन्नास लाखांच्या वर डॉलर गोळा झाले, आणि बहुधा तिथेच कुणाच्या तरी लक्षात आलं की जुनी तत्त्वं न पाळताही धंदा होतो. २०१५ मध्ये मासिक सबस्क्रिप्शन आलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयजीएन या गेमच्या बातम्या देणाऱ्या कंपनीने हंबल बंडल विकत घेतली. २०१९ मध्ये दोन्ही संस्थापक बाजूला झाले आणि वर्षअखेरीस सबस्क्रिप्शनचं नाव 'चॉइस' झालं.

एप्रिल २०२१ मध्ये स्लायडरवर हात पडला. धर्मादायाला जास्तीत जास्त १५ टक्के, अशी मर्यादा घालायला निघाले होते. लोकांनी इतका ओरडा केला की स्लायडर परत आणावे लागले. काही महिन्यांनी कंपनीचा किमान वाटा ठरलाच. म्हणजे सगळे पैसे संस्थेला द्यायचे म्हटलं तरी आता जमत नाही. चॉइसमध्ये तर स्लायडरचा प्रश्नच नाही, ५ टक्के धर्मादाय आणि विषय संपला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते फेब्रुवारी २०२२चं. सबस्क्रिप्शनसोबत 'ट्रोव्ह' नावाचा डीआरएमविरहित गेमचा साठा मिळायचा. त्यातल्या मॅक आणि लिनक्सच्या आवृत्त्या काढून टाकल्या आणि गेम उतरवून चालू करायचं नवीन ॲप (लाँचर) आणलं ते फक्त विंडोजचं. ज्यांनी सरासरी वर नेली होती, त्यांनाच दार बंद. पेठेतल्या तालमीवरचा बोर्ड तसाच ठेवून आत हौद्याच्या जागी ट्रेडमिल टाकावं, तसं झालं. व्यायाम होतोच की, असं कुणी म्हणेल. होतो, पण मग बोर्ड बदला.

डीआरएमचं एवढं काय घेऊन बसलास, असं विचारणाऱ्यांनी कोल्हापुरात एक पावसाळा काढावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं आणि महामार्ग बंद झाला. आमच्या भागात नेट गेलं, लाइट येऊन-जाऊन. पाहुण्यांकडची पोरं आमच्याकडे राहायला आलेली, मोबाइलवर दाखवायला काही नाही. जुन्या हार्ड डिस्कवर वर्ल्ड ऑफ गूचा इन्स्टॉलर पडला होता. टाकला, चालला. स्टीमलाही ऑफलाइन मोड आहे, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी आधी नेट असताना त्याच मशीनवर लॉगिन करून गेम उतरवून ठेवावा लागतो. पूर काही सांगून येत नाही. राधानगरीचे दरवाजे किती उघडले ते बघायचं, की स्टीमचं लॉगिन?

जुन्या बंडलची आरती मात्र करणार नाही. तेव्हाच्या गेमच्या कित्येक लिनक्स आवृत्त्या आजच्या उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) सहजासहजी चालत नाहीत. ३२ बिटच्या लायब्ररी वेगळ्या टाकाव्या लागतात आणि काही गेमचा आवाजच येत नाही. उलट स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून, चॉइसमध्ये विंडोजचे म्हणून आलेले बहुतेक गेम माझ्या लिनक्स लॅपटॉपवर विनातक्रार चालतात. खेळायला आज मिळतं तेवढं तेव्हा मिळत नव्हतं. पण हे श्रेय व्हॉल्वचं. आणि व्हॉल्वसुद्धा २०२४ पासून पैसे भरताना स्पष्ट लिहिते की तुम्ही गेम नाही, परवाना विकत घेताय.

आपल्याकडच्यांसाठी हिशोबाची एक गोष्ट. चॉइसची किंमत डॉलरमध्ये, २०२२च्या बदलात ती ११.९९ डॉलर ठरली होती. वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. स्टीमवर मात्र बऱ्याच गेमची किंमत भारतासाठी रुपयांत वेगळी आणि कमी असते. त्यामुळे अमेरिकेतल्या माणसाला दिसते तेवढी सवलत आपल्याला पडत नाही. महिन्यातला मोठा गेम आधीच्या सेलमध्ये स्टीमवर कितीला होता ते आधी बघा, मगच पैसे भरा. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले. माझी बँक, नाव घेत नाही, परदेशी सबस्क्रिप्शनला सरळ नकार देते आणि कस्टमर केअरवाल्यांना त्याचं कारण माहीत नसतं. मी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर भागवतो.

जुनी तत्त्वं धंद्यात टिकतच नाहीत, हे मला मान्य नाही. जून २०२० मध्ये इच.आयओ या छोट्या निर्मात्यांच्या गेम साइटवर वांशिक न्यायासाठी एक बंडल निघालं. किमान पाच डॉलर, सतराशेच्या वर वस्तू, डीआरएम नाही, सगळे पैसे संस्थांना. ऐंशी लाख डॉलरच्या वर जमले. जीओजी हे डीआरएम नसलेल्या गेमचं दुकान आजही ऑफलाइन इन्स्टॉलर देतं आणि चालू आहे.

तर सध्या माझं असं चाललंय. चॉइसचा महिना बहुतेक वेळा वगळतो, खरंच हवा असलेला गेम असेल तरच घेतो. जपून ठेवायचे ते जीओजीवरून घेऊन हार्ड डिस्कवर टाकतो. आणि दान द्यायचं तर संस्थेच्या साइटवर जाऊन थेट देतो, मध्ये कुणाचा किमान वाटा नको. पार्लरवाल्या मित्राला चॉइस घ्यायला मीच सांगितलं, त्याला ते परवडतं. पाचपैकी तीन स्टार, तेही गेमसाठी.