मेंदूच्या गेमचं ॲप, बीपी मशीन आणि कानाची टेस्ट: वापरून काय वाटलं

आजीला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, त्यामुळे आईने साठी ओलांडल्यावर आम्ही भावंडांनी स्मरणशक्तीचं एक ॲप, ब्लूटूथवालं बीपी मशीन आणि फोनवरची कानाची टेस्ट असं सगळंच सुरू केलं. आता बरेच महिने झालेत म्हणून लिहितेय.

आधी ॲप. दिसायला छान, गेम मस्त, आई आवडीने खेळते. पण ते रोज "तुमच्या मेंदूचं वय" म्हणून एक आकडा दाखवतं आणि तो कशावरून काढला ते कुठेच सांगत नाही. एक दिवस आईची झोप नीट झाली नव्हती तर वय एकदम वाढलेलं दाखवलं आणि ती दिवसभर घाबरून बसली, हे मला अजिबात पटलं नाही. स्कोअर वाढतो तो मुख्यतः त्याच गेमची सवय झाल्यामुळे, त्यातून डिमेन्शिया टळतो असं कुणी सांगत असेल तर पुरावा मागा. लुमोसिटी नावाच्या ॲपच्या कंपनीने (मी वापरलेलं ॲप वेगळं आहे) असेच दावे जाहिरातीत केले होते, 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबत (फसव्या जाहिरातींवर कारवाई करणारी तिथली सरकारी संस्था) 20 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं त्यांना. विरंगुळा म्हणून ॲप ठेवा, सबस्क्रिप्शनचं ऑटो रिन्यू मात्र पहिल्याच दिवशी बंद करा.

बीपी मशीन मात्र खरंच कामाचं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी पण बदलता येण्यासारखी 14 कारणं दिलीत आणि ती सगळी आटोक्यात आणली तर जगभरातल्या जवळजवळ 45 टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा अंदाज आहे, त्यात बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, सिगरेट, कमी ऐकू येणं, एकटेपणा असं बरंच काही आहे, आणि यातली बरीचशी कारणं चाळिशी-पन्नाशीतच आपलं काम करायला लागतात, म्हणून मशीन आईसाठी आणलं तरी आता मी पण वापरते. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात (2019) वरचं बीपी 120 च्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्या गटात एमसीआय, म्हणजे डिमेन्शियाच्या अलीकडचा टप्पा, 19 टक्क्यांनी कमी दिसला. प्रत्यक्ष डिमेन्शियातला फरक तिथे ठामपणे सिद्ध झाला नाही, आणि 120 प्रत्येकाला झेपेल असंही नाही, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

घेताना दंडावर पट्टा बांधायचं मशीनच घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान झाला तर रीडिंग उगाच जास्त येतं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर, बाही वर केलेली, बोलायचं नाही, आणि एक मिनिट सोडून दुसरं रीडिंग. ॲपमध्ये सगळं आपोआप साठतं हा मोठा फायदा, कारण वहीत आई फक्त चांगलीच रीडिंग लिहायची! आमच्या मशीनचं ब्लूटूथ मधेच तुटतं, मग परत पेअर करत बसावं लागतं, तेवढी कटकट आहे.

कानाची टेस्ट डब्ल्यूएचओच्या हिअरडब्ल्यूएचओ ॲपवर केली, ॲप फुकट आहे. हेडफोन लावायचे, मागे खरखर चालू असताना तीन आकडे ऐकू येतात ते टाइप करायचे, काही मिनिटांत स्कोअर. आईचा कमी आला आणि ती टीव्हीचा आवाज का वाढवते ते कळलं, मग ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवर ऐकण्याची रीतसर तपासणी, करून श्रवणयंत्र घेतलं. अचिव्ह नावाच्या अभ्यासात (2023) सगळ्यांचा एकत्र हिशोब केला तेव्हा श्रवणयंत्राने तीन वर्षांत बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नव्हता, पण ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्या गटात ती घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. आमच्याकडे लगेच जाणवलं ते हे की आई परत फोनवर मावशीशी तासतासभर बोलायला लागली, मधे ते बंदच झालं होतं, आणि मला या सगळ्या खरेदीत सगळ्यात जास्त समाधान याचंच आहे.

आई-बाबांसाठी काही घ्यायचा विचार असेल तर आधी कानाची टेस्ट करून घ्या, मग बीपी मशीन. ॲपमधून महिन्याच्या रीडिंगची पीडीएफ काढता येते का ते घेतानाच बघा, आमचे डॉक्टर फोनवरचा ग्राफ बघत नाहीत, पण छापलेला कागद दिला की नीट वाचतात आणि मागच्या वेळी त्यावरूनच आईच्या गोळीची वेळ बदलली.