स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप: सगळं चाललं, डोंगल सोडून

स्पेसिफिकेशन्स लिहीत बसत नाही, ती सगळीकडे आहेत. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स चिप, 16 जीबी रॅम, 14 इंची स्क्रीन, वजन सव्वा किलोच्या आसपास. जून 2024 मध्ये ‘कोपायलट प्लस’ म्हणून एआयवाल्या विंडोज लॅपटॉपची जी नवी जात बाजारात आली, त्यातलाच एक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार या चिपवरच्या कुठल्याही विंडोज लॅपटॉपला लागू पडेल.

तक्रार डोंगलची. माझं काम मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावणं, आणि मुद्रितशोधन. या धंद्यातल्यांना माहीत आहे की फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. ‘मग युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखी दिसणारी आजची मराठी अक्षरं) वापरा की’ म्हणणाऱ्यांना नमस्कार. प्रकाशकांच्या कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फायली पडून आहेत, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या. पेजमेकरची शेवटची 7.0 आवृत्ती 2001 ची, तिला युनिकोड देवनागरी कळतच नाही. पुनर्मुद्रण निघालं की तीच फाईल उघडायची. कन्व्हर्टरमधून काढली की कुठे रफार उडतो, कुठे जोडाक्षर फुटतं, आणि अख्खं पुस्तक नव्याने तपासायचे पैसे कोणी देत नाही. त्यामुळे डोंगलला पर्याय नाही.

घेण्याआधी दुकानात डोंगल काढून दाखवलं होतं. “विंडोज इलेव्हन आहे मॅडम, सगळं चालतं.” घरी सॉफ्टवेअर बिनबोभाट इन्स्टॉल झालं, उघडलंही, आणि लॉक सापडत नाही असं सांगून बंद पडलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह. पोर्ट बदलून पाहिला, हब लावून पाहिला. उद्गारचिन्ह हलेना.

कारण नंतर कळलं. ही चिप एआरएम जातीची, आणि आपली जुनी सॉफ्टवेअर इंटेल-एएमडीच्या एक्स-86 साठी लिहिलेली. विंडोजच्या 24एच2 आवृत्तीत प्रिझम नावाचा इम्युलेटर आहे, तो चालू सॉफ्टवेअरच्या सूचना एआरएमच्या भाषेत उतरवत राहतो. 2012 साली विंडोज आरटी आलं होतं तेव्हा डेस्कटॉपची जुनी सॉफ्टवेअर चालतच नव्हती, त्या मानाने ही मोठीच मजल. पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू विंडोजला ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर, हा विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये बसतो आणि तिथे प्रिझमचा हात पोचत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. माझ्या डोंगलचा तसा ड्रायव्हर कोणी बनवलेला नाही आणि बनवेल असं दिसत नाही.

मग फोनाफोनी. दुकानदार म्हणाला हेल्पलाईनला विचारा. हेल्पलाईनवरची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली की लॅपटॉपमध्ये दोष नाही, त्यामुळे परत घेता येणार नाही, सॉफ्टवेअरवाल्यांशी बोला. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, ताई, नवी आवृत्ती घ्या. तिची किंमत म्हणजे एका दिवाळी अंकाच्या अख्ख्या मांडणीची मजुरी! जे सॉफ्टवेअर मी आधीच विकत घेतलंय, ज्याचं डोंगल माझ्या हातात आहे, ते वापरायला पुन्हा पैसे? नाही दिले.

त्या आठवड्यात लॅपटॉप विकायला काढला होता. भाचा बघायलाही आला. नेमकी त्याच दिवशी सकाळी लाइट गेली ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. इन्व्हर्टरने दुपारीच मान टाकली. मी मात्र प्रुफं वाचत बसले होते आणि बॅटरी निम्मीसुद्धा उतरली नव्हती. भाच्याला चहा पाजून परत पाठवलं.

बॅटरीबद्दल जे लिहिलं जातं ते खरं आहे. दिवसभराच्या कामाला चार्जर लागत नाही. चार्जिंगची पिन काढली म्हणून वेग पडत नाही, जो माझ्या आधीच्या लॅपटॉपचा मुख्य छंद होता. झाकण मिटून रात्रभर ठेवला तर सकाळी टक्का-दोन टक्के कमी. फॅन क्वचित ऐकू येतो. क्रोम, फोटोशॉप, लिबरऑफिस तिन्ही या चिपसाठी स्वतंत्र बनवलेली मिळतात, ती पळतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टायपिंग नेहमीसारखंच. वायफायवरचा नवा प्रिंटर सापडला, घरातल्या जुन्या लेझरला ड्रायव्हर नाही. रॅम बोर्डावरच बसवलेली आहे, पुढे वाढवता येणार नाही.

एआयचं म्हणाल तर त्यासाठीचा खास प्रोसेसर, एनपीयू, आत आहे, 45 टॉप्सचा (म्हणजे सेकंदाला 45 लाख कोटी आकडेमोडी). करतो काय, मला दिसलेलं नाही. त्याच्या नावाने उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं, बटण मात्र बसवलंय. रोज कीबोर्डवर जगणाऱ्या माणसाची एक की काढून तिथे जाहिरात लावायची कल्पना ज्याला सुचली, त्याला पन्नास पानांची परिशिष्टं टाइप करायला बसवावं.

डोंगलवर सध्या तोडगा असा. जुना डेस्कटॉप घरी चालू ठेवते, डोंगल त्यालाच लावलेलं, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तो इंटरनेटवरून उघडते. त्यातही मेख आहेच: विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरलं तर सॉफ्टवेअर ते ओळखतं आणि उघडत नाही. स्क्रीन जशीच्या तशी दाखवणारं ॲप घेतलं तेव्हा चाललं. सांगलीहून कोयना एक्सप्रेसने पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात फायनल प्रुफं द्यायला जाते, तेव्हा गाडीत शेवटच्या दुरुस्त्या होतात. वाठार-आदर्कीच्या घाटात नेटवर्क जातं. तेवढा वेळ खिडकीतून बघायचं. खांद्याला ओझं नाही हे मात्र पुण्याला उतरल्यावर जाणवतं. आधीचा लॅपटॉप चार्जरच्या विटेसकट घेऊन जिना चढताना मी दर मजल्याला थांबायची.

तुमच्याकडे डोंगल असेल, जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन असेल किंवा जुना स्कॅनर असेल, तर दुकानातच तो जोडून डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावा. उद्गारचिन्ह दिसलं तर तोच लॅपटॉप इंटेल चिपवर मागा. बऱ्याच मॉडेलांत मिळतो, बॅटरी थोडी कमी चालेल. यातलं काही नसेल तर बिनधास्त घ्या, फक्त पुढचा विचार करून रॅम आधीच जास्त घ्या.

एवढ्यात डेस्कटॉपच्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, पंखा घरघरायला लागलाय. गेला तर जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवीन. नवी आवृत्ती घेणार नाही.