तबकडी की सॉकेट? सेलवरचं खेळणं स्विचवर आणताना

खेळण्याचं बारीक बटण दाबता न येणाऱ्या मुलासाठी मोठ्या बटणाचा स्विच घरी आला, आता खेळणी त्याला जोडायची कशी, या टप्प्यावर असलेल्या आईबाबांसाठी हे लिहितोय. रस्ते दोन. सेल आणि पट्टीच्या मध्ये एक पातळ तबकडी सरकवायची; तिच्या दोन्ही बाजूंना तांबं, मध्ये वीज न वाहणारा थर आणि दोन्ही बाजूंच्या वायरी स्विचला, म्हणजे प्रवाह तुटतो आणि स्विच दाबला की जुळतो. नाहीतर खेळणं उघडून त्याच्याच बटणाच्या दोन पायांना वायरी सोल्डर करायच्या आणि स्विचची पिन खोचायला ३.५ मिमीचं सॉकेट कायमचं बाहेर काढायचं.

माझी लेक सहा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मूठ उघडत नाही, पण उजव्या मनगटाने ती बटण दाबते. आमच्याकडे दोन्ही प्रकार वर्षभर वापरून झालेत.

तबकडी वाईट नाही. पाच मिनिटांत बसते, आज माकडात तर उद्या बुडबुड्यांच्या मशीनमध्ये. खेळणं शाळेचं किंवा कुणाकडून मागून आणलेलं असेल, तर मीही तीच वापरेन. फक्त एक पाहून घ्या. खेळणं चालू असताना एक सेल काढा आणि परत घाला. आपोआप सुरू झालं, तर तबकडी चालेल. पंजा दाबल्यावर भुंकणारा कुत्रा असा सुरू होत नाही. वीज आली तरी तो पुन्हा पंजा दाबायची वाट पाहतो. तिथे सॉकेटच लागतं.

पण माझा निर्णय झाला तो ढोलवाल्या माकडामुळे, आणि त्यात तर तबकडी चालत होती.

लेकीचं एकदा स्विच दाबणं म्हणजे काय, ते सांगतो. मान वळते, खांदा ताठ होतो, हात एकदा भलतीकडे जातो, परत येतो, आणि मग कुठे मनगट बटणावर टेकतं. एवढं झाल्यावर ढोल वाजायलाच हवा. तबकडी जराशी सरकली की माकड गप्प. तबकडीच्या जाडीने सेलचं झाकण नीट बसत नाही, वायर बाहेर काढायला कानशीने खाच पाडावी लागते, आणि तीच वायर ओढली गेली की तबकडी हलते. त्या दिवशी तिने दोनदा दाबलं. काहीच झालं नाही. मी स्क्रू काढून तबकडी बसवली, झाकण लावलं, माकड पुन्हा समोर ठेवलं. तिने दाबलंच नाही. मान फिरवून खिडकीकडे पाहत राहिली.

‘मी दाबलं म्हणून झालं’ हे तिच्या मनात बसावं, यासाठी तर हा सगळा खटाटोप. धडधाकट मूल दहा वेळा दाबून पाहील. तिच्याकडे तेवढे प्रयत्न शिल्लक नसतात. इतर मुलांचं वेगळं असू शकेल, पण आमच्या घरी मी पुढच्याच रविवारी माकड उघडलं.

सोल्डरिंग येत नसेल तर रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला द्या, त्याला हे अवघड नाही. सॉकेट पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. मोनो मागा, स्टिरिओच मिळालं, तर टोकाचा (टिप) आणि बाहेरच्या कड्याचा (स्लीव्ह) असे दोनच पाय जोडायचे. वायरीला आतल्या बाजूने एक गाठ मारून घ्या, म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही. कापडी खेळण्याची पोटाची शिवण उसवली की काम होतं, नंतर हाताने टाके घालायचे. हे सगळं साध्या पेन्सिल सेलवरच्या खेळण्यांपुरतं. प्लगवर चालणारं किंवा लिथियम बॅटरीचं खेळणं घरी उघडू नका.

खेळणं एकदा उघडलं की दुकानदार ते परत घेत नाही, हे खरं. म्हणून महागडं असेल तर घाई करू नका.

सॉकेटचा आणखी एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. तबकडी घातली की खेळणं फक्त स्विचवरच चालतं. सॉकेट मात्र मूळ बटणाला समांतर असतं, त्यामुळे बटणही चालू राहतं. आता कुत्रा दोघा भावंडांच्या मध्ये असतो. धाकटा पंजा दाबतो, ती स्विच दाबते, आणि कुणाच्या दाबण्याने भुंकला यावरून रोज भांडण.