शॉर्टफिल्मचा आवाज जागेवर घ्यावा की नंतर डब करावा?

कॉलेजची पोरं फिल्म करायला घेतात तेव्हा कॅमेऱ्यावर महिनाभर खल होतो आणि आवाजाचा विषय शूटच्या आदल्या रात्री निघतो. मग एक जण म्हणतो जागेवरच घेऊ, दुसरा म्हणतो डबिंगमध्ये पाहून घेऊ. मला अलीकडे तिघा-चौघांनी हेच विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. माइक कोणता, रेकॉर्डर कोणता हे तुम्ही पाहिलेलंच असेल, त्यात शिरत नाही.

मी यावर बोलू शकतो, कारण आमच्या चौदा मिनिटांच्या फिल्ममध्ये पहिल्या दिवसाचा आवाज जागेवरचा आहे आणि दुसऱ्या दिवसाचा सगळा डब केलेला. तसं ठरलं नव्हतं. शूट फिसकटलं म्हणून झालं. पण त्यामुळे तीच माणसं, तोच वाडा आणि दोन्ही पद्धती एकाच टाइमलाइनवर शेजारी शेजारी ऐकायला मिळाल्या.

शूट होतं नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात, मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत. परीक्षा संपून सगळे मोकळे होते तेव्हाच, त्यामुळे दुसरी तारीख नव्हती. आजीच्या भूमिकेत माझ्या मित्राची खरीखुरी आजी. तिनं आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं. नातवाचं काम करणारा मुलगा वडशाकडचा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र रात्र उभा राहिलेला. बूम (लांब दांडीवरचा माइक) धरायला आमच्याच कॉलेजची ज्युनिअर.

सकाळी सहाला सुरू करायचं होतं. नातवाची बस साडेआठला पोचली. तोवर गल्लीत कचरागाडी गाणं वाजवत येऊन गेली, भंगारवाल्याचा भोंगा दोनदा फिरला आणि समोरच्या लिंबावर कोकिळा बसली ती हलेचना. आजीच्या पदराआड लावलेला कॉलर माइक खळ दिलेल्या सुती लुगड्याला घासून खरखर करू लागला. तो काढून बाहेरच्या बाजूनं चिकटवेपर्यंत नऊ वाजले. मग रेकॉर्डरची बॅटरी मधेच संपली आणि चार मिनिटांचा एक अख्खा टेक नुसता चित्राचा उरला. दुपारी वीज गेली, तेव्हा मात्र अर्धा तास सोन्यासारखा मिळाला, कारण गल्लीतले सगळे कूलर एकदम बंद झाले.

जागेवरच्या आवाजाचा नागपुरातला खरा वैरी हा कूलरच. आपल्याला तो ऐकू येत नाही. मार्चअखेरपासून कानात भरलेला असतो, त्यामुळे लोकेशन बघायला गेलो तेव्हा मी वहीत 'शांत जागा' असं लिहून आलो होतो. शूटच्या दिवशी हेडफोन लावले आणि कळलं की महालातली ती बोळ म्हणजे एक लांब कूलरच आहे. खिडकीत बसवलेल्या प्रत्येक कूलरची पाठ बोळीकडे, बोळ सहा फुटांची, दोन्ही भिंती आवाज परतवून लावणाऱ्या. मोटरची गुणगुण फिल्टरनं थोडीफार कापता येते. पण वाऱ्याचा जो सपाट सूं-सूं आवाज असतो तो माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतच पसरलेला असतो. तो काढायला गेलात की बोलणंही खरवडलं जातं, पाण्याखालून बोलल्यासारखं होतं.

आमचा कूलर बंद केला, पंखा बंद केला, फ्रिजही बंद केला. शेजारच्या काकूंना विनंती केली, तर म्हणाल्या, "लेकरू झोपलं आहे बाळा, अर्ध्या तासानं करते." त्यांना काय म्हणणार? आम्ही थांबलो. बंद खोलीत, बाहेर पंचेचाळीसच्या घरात तापमान, आजी गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून बसलेली. दोन मिनिटांचा टेक आणि मग दहा मिनिटं कूलर, असं चाललं. संध्याकाळपर्यंत अठरापैकी अकरा शॉट झाले होते.

इथं डबिंगची बाजू मनापासून मांडतो. दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं की आवाजाचं नंतर पाहू. कूलर सुरू झाला तसे सगळ्यांचे चेहरे उजळले. उरलेले सात शॉट दुपारी एकच्या आत संपले. आजीला त्रास झाला नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नवतप्यात बिनपंख्याचं बसवणं हे कुठल्याही फिल्मपेक्षा मोठं प्रकरण आहे. तुमच्याकडे मे महिन्याशिवाय तारखाच नसतील आणि काम करणारं माणूस वयस्कर असेल, तर पुढचं काही न वाचता डबिंग करा. सीताबर्डीच्या बाजारात, मेट्रोच्या पुलाखाली किंवा फुटाळा तलावावर रविवारच्या संध्याकाळी शूट असेल तरीही तेच. तिथं संवाद हाती लागणार नाही आणि पडद्यावर माणसं लांबून दिसत असतील तर ओठांकडे कुणी बघणारही नाही.

नातवाचं काम करणाऱ्या मुलानं तर डबिंगमध्ये कमाल केली. पाठांतर पक्कं, आवाज मुठीत ठेवलेला. त्याचे सगळे संवाद तासाभरात झाले आणि त्याचा आवाज कोणत्या दिवसाचा जागेवरचा आणि कोणता डब केलेला, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणजे पद्धतीत खोट नाही. कसलेल्या नटाच्या तोंडी डबिंग शोभतं.

आजीचं मात्र तसं झालं नाही, आणि माझा निर्णय तिथं झाला.

दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या शॉटमध्ये आजी ओसरीवर बसून सुपात गहू पाखडते आणि नातू बाहेर निघालेला असतो. संहितेत मी लिहिलं होतं, 'एवढ्या उन्हात कुठे निघालास?' आजी शूटच्या वेळी म्हणाली होती, "काहून रे पोट्ट्या, येवढ्या उन्हाचा कुठी जाऊन रायला?" आणि पुढंही तिच्या मनानं बरंच काही. मी ते थांबवलं नाही, कारण ते माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी जिवंत होतं. पण आवाज नंतर घ्यायचाच आहे म्हणून आम्ही त्या दिवशी रेकॉर्डर पेटीतून काढलाच नव्हता. बारा फुटांवरच्या कॅमेऱ्यातला आवाज तेवढा होता आणि त्यात कूलर. तीन आठवड्यांनी स्टुडिओत बसलो तेव्हा आजी काय बोलली होती ते धड कुणालाच सांगता येईना. आजीला तर नाहीच. ती म्हणाली, "मी असं बोलली व्हती का?"

तिला हेडफोन लावले, काचेपलीकडे लाल दिवा लागला आणि आजी शाळेतल्या बाईंसारखं बोलू लागली. "का रे मुला, एवढ्या उन्हात कुठे चालला आहेस?" नागपुरात आपल्या सगळ्यांच्या घरात हे होतं. समोर माइक आला की माणूस पुण्याचं बोलायला लागतो. तिला आम्ही किती सांगितलं, आजी, घरी बोलता तसंच बोला, तर ती अजूनच जपून बोलू लागली. वर पडद्यावरच्या ओठांचे हिशोब वेगळे. 'जाऊन रायला' म्हणताना तोंड जसं उघडतं तसं 'चालला आहेस' म्हणताना उघडत नाही. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशोबानं एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. आवाज ओठांच्या मागून दोन-तीन फ्रेम आला तर कान सांभाळून घेतो, कारण लांबचा आवाज उशिरा येतो हे त्याला ठाऊक असतं. ओठांच्या आधी आला की दोन फ्रेमही खुपतात. आमची आजी प्रत्येक वाक्याला कुठं ना कुठं आधी येत होती.

असं का होतंय ते मला तिसऱ्या तासाला उमगलं. पडद्यावर नीट पाहिलं तर आजी सुपाच्या तालावर बोलत होती. गहू वर उडाले की शब्द, खाली पडले की थांबा, मधेच खडा वेचताना एक लांब विसावा. बोलणं हातांतून निघत होतं, आणि स्टुडिओत तिचे हात मांडीवर रिकामे होते. शेवटी मित्र घरी जाऊन सूप घेऊन आला. आजी रिकामं सूप हलवत बोलली आणि पुष्कळसं जुळलं. पण सुपाची घासघीस माइकमध्ये आली, आणि गव्हाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून खाली लावला तो तिच्या हातांशी कधी बसलाच नाही. आजही ती सात मिनिटं बघताना मला सूप आणि आवाज दोन वेगळ्या खोल्यांत असल्यासारखे वाटतात. पहिल्या दिवसाच्या सात मिनिटांत कूलरची बारीक सूं-सूं आहे, कोकिळाही आहे, पण आजी आहे.

याला मोजमाप म्हणता येणार नाही. तुमच्या कानांना उलटं वाटू शकतं, आणि स्वच्छ आवाजाची किंमत मी कमी लेखत नाही. तरी आजी, काका, शेजारच्या मावशी, पानठेलेवाले, अशी नट नसलेली माणसं घेऊन फिल्म करणार असाल (विद्यार्थ्यांच्या बहुतेक फिल्म अशाच असतात) तर मी जागेवरच्या आवाजाकडे झुकेन. आणि डबिंगच करायचं ठरलं तरी रेकॉर्डर बंद ठेवू नका. खराब का होईना, जवळच्या माइकचा गाइड ट्रॅक, म्हणजे डब करताना ऐकायला कच्चा आवाज, घ्या आणि एकाला फक्त 'प्रत्यक्षात काय बोललं गेलं' ते लिहायला बसवा. आम्ही हे केलं असतं तर निम्मा घोळ टळला असता.

आपल्याकडे बोलपटाची सुरुवात जागेवरच्या आवाजानंच झाली. 14 मार्च 1931 ला आलेल्या 'आलम आरा'चा स्टुडिओ मुंबईत रेल्वेच्या रुळांजवळ होता, म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर चाले. डबिंगची सवय पुढची. बाहेर नेता येणारे हलके कॅमेरे आले ते शिवणयंत्रासारखे खडखडायचे, तिथं संवाद घेणं शक्यच नव्हतं. आज हातातला कॅमेरा आवाज करत नाही. उरली ती भोवतीची गडबड, आणि तिच्यावर तोडगा 'आलम आरा'वाल्यांनी काढला तोच: घड्याळ बदलायचं.

नागपुरात म्हणजे डिसेंबर-जानेवारी. कूलर माळ्यावर किंवा झाकून ठेवलेले, पंखे बंद, लग्नाच्या वराती सोडल्या तर बोळी शांत. फक्त हिवाळी अधिवेशन सुरू असेल तेव्हा सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडे फिरकू नका, तिथं मोर्चांचे लाउडस्पीकर असतात. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे साडेपाच ते आठ एवढाच वेळ धरा, म्हणजे दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जाईल. पाहुणे नट असतील तर त्यांना आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा. लोकेशन बघायला जाल तेव्हा हेडफोन लावून पाच मिनिटं नुसतं ऐका, डोळ्यांवर विसंबू नका. शेजाऱ्यांकडे शूटच्या दिवशी धावत जाऊ नका, आदल्या दिवशी आजीसारख्या कुणाला सोबत घेऊन जा आणि नेमकी कोणती वीस मिनिटं कूलर बंद हवा ते सांगा. लेकरू कधी झोपतं तेही विचारून घ्या. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट कुणी न बोलता आवाज घेऊन ठेवा, संपादनात तो फार कामी येतो.

आणि फ्रिज बंद कराल तेव्हा त्यात गाडीची चावी ठेवा. पॅकअपनंतर चावी शोधताना फ्रिज उघडावाच लागतो आणि तो सुरू करायचा राहत नाही. आम्ही ठेवली नव्हती. आजीनं सगळ्या युनिटसाठी सकाळी उठून केलेला पातेलंभर आमरस दुसऱ्या दिवशी ओतून द्यावा लागला.