पिट्सबर्ग व्हिंटेज ग्रां प्री: बाबांना अँबॅसॅडरचं इंजिन रेस करताना सापडलं

जुलैमध्ये पिट्सबर्गच्या आसपास असाल आणि गाड्यांची थोडी जरी आवड असेल तर शेनली पार्कमधला हा वीकेंड अजिबात चुकवू नका. आम्ही शनिवार रविवार दोन्ही दिवस गेलो, मी, बायको आणि सांगलीहून आलेले बाबा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगतो, बाबांना विचाराल तर ते पाचाच्या वरच देतील.

आधी हे आहे काय ते सांगतो कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना इथे वर्षानुवर्षं राहून पण माहीत नाही. 1983 पासून चालू आहे. जुन्या स्पोर्ट्स कार, म्हणजे एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन हिली, लोटस, अल्फा रोमिओ, पोर्शे 356 अशा, आणि त्या मांडून ठेवलेल्या नाहीत तर खऱ्या रेस करतात, ते पण रेस ट्रॅकवर नाही, शहराच्या बागेतल्या रोजच्या रस्त्यांवर. एक लॅप 2.33 मैलांचा म्हणजे जवळपास पावणेचार किलोमीटर, आणि तेवढ्यात 23 वळणं! कडेला दगडी भिंती, झाडं, दिव्याचे खांब, सगळीकडे गवताच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या असतात. ज्या रस्त्यावरून आपण एरवी सीएमयूकडे (कार्नेगी मेलन विद्यापीठाकडे) जाताना तीसच्या स्पीडने जपून गाडी काढतो तिथून ह्या साठ साठ वर्षांच्या गाड्या मागचं चाक सरकवत जातात, ते बघताना छातीत धडधड होते.

आणि बघायला तिकीट नाही. परत एकदा सांगतो, तिकीट नाही. आयोजन सगळं स्वयंसेवकांचं, आणि पार्किंगचे पैसे, कार शोमध्ये गाडी लावायची फी, स्पॉन्सर, लोकांची देणगी यातून जे जमतं ते ऑटिझम सोसायटी ऑफ पिट्सबर्ग आणि मेराकी अ‍ॅलेघेनी व्हॅली स्कूलला जातं, म्हणजे ऑटिझम आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी, मोठ्या माणसांसाठी. आजवर असे पन्नास लाख डॉलरच्या वर पैसे दिलेत. आमच्यासाठी हा विषय घरातला आहे, माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात आहे, अकरा वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, त्याच्या थेरपीसाठी ताई आठवड्यातून चार दिवस शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. त्यामुळे पैसे कुणासाठी गोळा होतायत हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त परत देणगीच्या डब्यापाशी गेले आणि पाकिटात डॉलर होते तेवढे सगळे टाकून आले.

आता मुख्य गोष्ट. बाबांचं सांगलीत गॅरेज होतं, पस्तीस वर्षं, अँबॅसॅडर आणि फियाट हेच मुख्य काम. इथे आल्यापासून तीन आठवडे ते घरात नुसते बसून होते, मॉल बघितला, नायगारा बघितला, पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं मंदिर दोनदा झालं, पण चेहऱ्यावर तसं काही नाही. शनिवारी सकाळी पॅडॉकमध्ये शिरलो, पॅडॉक म्हणजे जिथे रेसच्या गाड्या उभ्या करतात, तयार करतात ती जागा, आणि ती सगळ्यांना मोकळी असते, कुठेही अडवत नाहीत, गाडीच्या अगदी जवळ उभं राहता येतं. एका हिरव्या एमजीए पाशी, म्हणजे एमजी कंपनीची एक जुनी स्पोर्ट्स कार, मालक बोनेट उघडून वाकलेला होता. बाबांनी मान आत घातली आणि म्हणाले, "अरे हे तर आपलंच इंजिन आहे."

मला वाटलं सहज म्हणतायत. पण खरंच तेच! 1955 ला एमजीए आली तेव्हा तिच्यात बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी सिरीज 1489 सीसीचं इंजिन होतं आणि आपल्या अँबॅसॅडरला वर्षानुवर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते ह्याच घराण्यातलं. अँबॅसॅडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, मॉरिस आणि एमजी दोन्ही बीएमसीच्याच. फरक एवढाच की इथे एकाच्या जागी दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग), ट्यूनिंग वेगळं, आणि गाडी बरीच बुटकी. म्हणजे जे इंजिन आपल्याकडे सात माणसं आणि टपावर गाद्या घेऊन कोल्हापूरला जोतिबाला जायचं ते इथे रेस करतंय. बाबा म्हणाले, "त्याच्यात दम होता रे, आम्ही त्याला कधी पळू दिलंच नाही."

मालक पासष्टीचे गृहस्थ, त्यांना मी मध्ये पडून सांगितलं की वडिलांनी आयुष्यभर हेच इंजिन खोललंय. त्यांनी लगेच सरकून जागा करून दिली. दोन कार्बोरेटर सारखे हवा ओढत नव्हते. बाबांनी रबराच्या नळीचा तुकडा मागितला, एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, दोन्हीकडचा सूं सूं आवाज सारखा येईपर्यंत मालकाला खुणेने स्क्रू पिळायला लावला. मग कार्बोरेटरच्या आतला पिस्टन जरासा उचलून बघितला, इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी, हे मला बाबांनी मी दहावीत असताना शिकवलं होतं. वीस मिनिटं लागली असतील. बाबांना इंग्लिश जेमतेम, मालकांना मराठी शून्य, आणि माझी त्या वीस मिनिटांत कुणाला एकदाही गरज पडली नाही.

पुढे एक ट्रायम्फ स्पिटफायर होती. तिचं अख्खं तोंडच पुढच्या बाजूला उघडतं, ते बघून बाबा "हेराल्ड, हेराल्ड!" करत तिकडे. बरोबर आहे, स्पिटफायरची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, ट्रायम्फ हेराल्डचीच, आखूड केलेली, आणि तीच हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायची. सांगलीत एका डॉक्टरांकडे होती म्हणे.

रेस बघायची तर सर्पेंटाईन ड्राईव्हला जा. नावाप्रमाणेच नागमोडी रस्ता, झाडीतून उतार, गाड्या एकामागोमाग एक वळताना दिसतात आणि ब्रेक लावल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो तो इथे सगळ्यात छान ऐकू येतो. आम्ही रविवारी तिथेच बसलो. ऑस्टिन हिलीची छोटी फ्रॉगआय स्प्राईट, 948 सीसी फक्त, मोठ्या गाड्यांच्या मागे वळणावळणाला चिकटून राहते आणि सरळ रस्ता आला की मागे पडते, परत वळणावर येऊन चिकटते, हे बघायला जी मजा येते ती टीव्हीवरच्या फॉर्म्युला वनला मला कधी आली नाही. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे कुणी कुणाला घासत नाही. व्हिंटेज रेसिंगमध्ये 13/13 म्हणून एक नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात, चूक करून दुसऱ्याला धडकलात तर 13 महिने बाहेर, आणि पुढचे 13 महिने नजरेखाली. बक्षिसाचे पैसे नसतात. माणसं रेस करतात ती जोरातच, पण शेजारच्याची गाडी जपून, कारण तिचा पार्ट मिळवायला किती वर्षं जातात हे प्रत्येकाला माहीत असतं. बाबांनी हे दोनतीनदा बोलून दाखवलं, गाडी झाकून ठेवली की मरते, सील सुकतात, टाकीला गंज धरतो, ही माणसं गाड्यांना जिवंत ठेवतायत.

बागेतल्या गोल्फ कोर्सवर कार शो असतो, तिथे लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, देशाप्रमाणे, क्लबप्रमाणे लावलेल्या. छान आहे, पण आम्ही तासाभरात आटोपलं, उन्हात उभ्या गाड्या बघण्यापेक्षा पळणाऱ्या बघाव्यात असं माझं मत.

आता तो अर्धा मार्क. खाण्याचं. एका स्टॉलवर पाऊण तास रांगेत उभे राहिलो आणि नंबर आल्यावर कळलं की मांस नसलेलं फक्त फ्राईज आणि लिंबू सरबत उरलंय, बाबा शाकाहारी, म्हणून रविवारी बायकोने मेथीचे ठेपले आणि दहीभात डब्यात घेतला आणि मग झाडाखाली सतरंजी टाकून मस्त जेवलो. दुसरं म्हणजे चढउतार. पिट्सबर्ग आहे, बाग पण डोंगरातच, आणि रेस चालू असताना रस्ता पाहिजे तिथे ओलांडता येत नाही त्यामुळे वळसा पडतो. गुडघे दुखणाऱ्यांना एकच जागा धरून बसवा.

आवाजाचं मुद्दाम सांगतो. खूप मोठा असतो, लहान मुलांना आणि आवाजाचा त्रास होणाऱ्यांना कानावरचे मोठे हेडफोन हवेतच. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यांचा मुलगा असे निळे हेडफोन लावून दोन्ही तळवे कुंपणाच्या जाळीवर टेकवून उभा होता, गाडी गेली की जाळी थरथरते ती त्याला हाताला लागत होती, आणि प्रत्येक गाडीचा नंबर तो मोठ्याने म्हणत होता, एकही चुकला नाही. बाबा त्याच्या मागे खुर्ची ओढून बसले आणि शेवटच्या रेसपर्यंत हलले नाहीत. हिरव्या एमजीएचा नंबर आला की दोघं एकदमच ओरडायचे, तो इंग्लिशमध्ये, हे मराठीत. रात्री त्यांनी ताईला फोन लावून हे सगळं पहिल्यापासून सांगितलं, कार्बोरेटरचं नंतर, मुलाचं आधी.

जाताना टोपी, भरपूर पाणी, घडीची खुर्ची आणि डबा घ्या, गाडी लांब लावून शटल बसने आत या. आईवडील भारतातून आलेले असतील आणि त्यांच्यापैकी कुणी कधी हातात पाना धरला असेल तर सकाळी लवकर पॅडॉकमध्ये न्या, तेव्हा सगळ्या गाड्यांची बोनेटं उघडी असतात.